अगं बाई, केवढी ती चेन!

ऐकलंत का? म्हणजे मला काय करायचंय म्हणा, ज्याची मान त्याचं सोनं. पण आमच्या कामोठ्यात हल्ली गळ्यांचं जे काही चाललंय ते बघून माणसानं गप्प तरी किती बसायचं! परवा मानसरोवर स्टेशनच्या वाटेवर नवा फ्लेक्स लागला. वाढदिवसाचा. चिरंजीवांना मिसरूड जेमतेम फुटलेलं, नावाआधी 'युवा' आणि नावानंतर 'शेठ', आणि गळ्यात चेन म्हणाल तर बैलाच्या दाव्याएवढी. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे फोटो. त्या एवढ्याशा फोटोतही एकेकानं मान अशी तिरकी केलेली की शर्टाचं वरचं बटण उघडं दिसावं आणि आतलं पिवळं चमकावं. शेजारच्या वहिनी रिक्षाची वाट बघत बराच वेळ निरखत होत्या. म्हणाल्या, "अहो, त्या कडेच्याची खरी नाही. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर घातलीय. सावली बघा ना, उलटी पडलीय." आता बोला!

आमच्या वडिलांच्या पिढीत पुरुषाच्या गळ्यात असलाच तर एक बारीक गोफ असायचा. तोही लग्नात सासऱ्यानं घातलेला, आणि सदऱ्याच्या आत. चुकून बाहेर आला तर माणूस ओशाळून आत ढकलायचा. आता सराफाच्या पेढीवर जा. बायकांच्या बाजूला शुकशुकाट, आणि पुरुषांच्या ट्रेभोवती ही गर्दी! "दादा, नवाबी दाखवा." "चोकोमध्ये काय आहे?" "लोटस नको, इंडो-इटालियन काढा." ठुशी, बोरमाळ, चपलाहार, पोहेहार ही आम्हा बायकांची बाराखडी होती, ती नवऱ्यांना कधी पाठ झाली नाही. दुकानात ते बाहेरच्या खुर्चीवर बसून पेपर वाचायचे. आता बाहेरच्या खुर्चीवर आम्ही, आणि आत हे आरशासमोर मान वळवून वळवून बघतायत. "जरा उंच होते का हो? छातीवर आली पाहिजे." इश्श!

भाव विचारूच नका. २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम सोन्यानं लाखाचा आकडा ओलांडला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो सव्वा लाखाच्याही पुढे गेला. म्हणजे दहा तोळ्यांची चेन घालून जो वडापाव खायला उभा राहतो, त्याच्या छातीवर दहा-बारा लाखांच्या वर ऐवज आहे. आणि त्यावर हिरवी चटणी सांडते. तोळासुद्धा खरं तर आक्रसलाय. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वरचा, आताचा दुकानातला सरळ दहाचा. पण 'दहा ग्रॅम' म्हणण्यात काय मजा? तोळा म्हटलं की तोंड कसं भरतं.

मग एवढ्या सगळ्यांना हे परवडतं कसं, असं वहिनींनी विचारलं. त्यांना मी फॉर्मिंगचं सांगितलं. आत चांदी किंवा तांबं, वर सोन्याचा पातळ पत्रा, आणि गॅरंटी महिन्यांत मोजायची. लांबून बघितलं तर सोनाराच्या बापाला ओळखू येणार नाही. जवळून मात्र बघायच्या जागा ठरलेल्या. एक, मानेच्या मागे, जिथे घाम साचतो तिथे पत्रा आधी उडतो आणि कॉलरवर हिरवट कडा येते. दोन, कड्यांच्या आतल्या बाजूला, जिथे कडी कडीवर घासते. खरं सोनं तिथे झिजून बारीक होतं, खोटं तिथे लाल नाहीतर पांढरं दिसतं. आणि तीन, हुक. हॉलमार्कच्या चेनीच्या हुकाजवळ इवल्याशा पट्टीवर बीआयएसची खूण, २२ के ९१६ आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी कोरलेला असतो. हॉलमार्क म्हणून विकायच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून तो लागतोच. तो क्रमांक बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकला की दागिन्याची कुंडली निघते. आता दुसऱ्याच्या मानेमागे भिंग घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही, पण हळदीच्या गर्दीत, डीजे चालू असताना, बरंच काही जमतं. आणखी एक प्रकार पोकळ चेनीचा. दिसते आठ तोळ्यांची, काट्यावर भरते तीनची. सोनं खरंच असतं, फक्त आत हवा. कडी एकदा दबली की सोनार हात जोडतो. ही चेन घालणाऱ्यांनी गळाभेट जपून घ्यावी.

आता तुम्ही म्हणाल, कामोठ्यातच एवढं काय? पनवेल काय, पुणे काय, सगळीकडे हेच. खरंय. रमेश वांजळे २००९ मध्ये खडकवासल्यातून मनसेचे आमदार झाले तेव्हा त्यांच्या अंगावरचं सोनं मतांपेक्षा जास्त मोजलं गेलं. २०११ मध्ये ते गेले. मग पिंपरी-चिंचवडचे दत्ता फुगे तीन किलोंहून जास्त सोन्याचा शर्ट शिवून बसले, आणि जुलै २०१६ मध्ये त्यांचा खून झाला तेव्हा सगळ्या मथळ्यांत आधी शर्ट होता, मग माणूस. येवल्याच्या पंकज पारखांनीही सोन्याचा शर्ट केला. तिकडे अमेरिकेत १९८० च्या दशकात रनडीएमसी नावाच्या गाणाऱ्या मंडळींनी जाड पीळदार सोन्याच्या साखळ्या घालून रॅप म्हणायला सुरुवात केली. म्हणजे हे खूळ सातासमुद्रापारचंही आहे.

पण आमच्या पनवेल तालुक्याचा मान वेगळा. विहिघरचे पंढरीनाथ फडके, बैलगाडा शर्यतींचे पंढरीशेठ, फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना पुन्हा परवानगी दिली, आणि त्यानंतर मैदानं भरली तेव्हा गाडीच्या टपावर बसून, अंगभर सोनं घालून शेठ येतानाचे व्हिडिओ घराघरांत फिरले. ज्यांना बैलातला ब कळत नाही असे सातारा-सांगलीकडचे आमचे सोसायटीवालेसुद्धा ते बघायचे. मी म्हणते, त्यांना शोभायचं. कारण त्यात लपवाछपवी नव्हती. सोन्याइतकेच पैसे ते बैलावर लावायचे. नाहीतर आमचे फ्लेक्सवरचे शेठ. गोठा नाही, बैल नाही, नुसतं दावं!

बरं, चेष्टा जरा बाजूला ठेवते. हे सोनं इथे आलं कसं, ती गोष्ट चेष्टेची नाही. ब्रिटिशांच्या अमदानीत मुंबई इलाख्यात जमीन मोजायला तेहतीस फुटांची लोखंडी साखळी वापरायचे. तिचे सोळा भाग, एका भागाला म्हणायचं आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढा तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आजही आमच्याकडे प्लॉटचा भाव निघाला की गुंठ्यातच निघतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही की आपण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची चेनच मोजतोय. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. भातखाचरं, मिठागरं, खाडीचा काठ, सगळं मोजणीत आलं. कामोठं गावही त्यातलंच. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान भागात शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. आज आमच्याकडे लहान पोरालाही 'साडेबारा टक्के' हे शब्द पाढ्याआधी येतात.

त्या प्लॉटवर इमारती उठल्या, इमारतीत आमच्यासारखे घाटावरचे, कोकणातले, विदर्भातले भाडेकरू आणि मालक आले, आणि मूळ मालकाच्या हातात एकदम पैसा आला. तो कुठे ठेवायचा? मीठ आणि मासळीवर जगलेल्या घरात सोन्याइतका भरवशाचा ऐवज दुसरा नव्हता. पुरात वाहत नाही, रात्रीत घेऊन निघता येतं, कोणी संपादन करत नाही. आगरी-कोळी बायकांच्या अंगावर सोनं पूर्वीपासून असायचं. पुरुषांच्या गळ्यात ते जमिनीच्या व्यवहारांनंतर जाड झालं. पुण्याकडच्यांनी अशा माणसाला कुचेष्टेनं 'गुंठामंत्री' नाव दिलं. देणारे बहुतेक वेळा त्याच गुंठ्यावरच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होते. माझं म्हणणं एवढंच, की लोखंडी साखळीनं मोजून जी जमीन गेली, तिच्या बदल्यात ज्याच्या गळ्यात सोन्याची साखळी आली त्याला हसायचा आम्हाला फारसा हक्क नाही. आणि ज्याची जमीनही गेली, साडेबारा टक्क्यांची फाईलही अडकली आणि गळा मोकळाच राहिला, त्याचा फ्लेक्स कुठे लागत नाही.

असो. तर चोर! चोरांचं सांगायचं राहिलंच. 'सोनसाखळी' हा काय गोड शब्द आहे, पण वापरतात कोण? फक्त वर्तमानपत्रवाले, आणि तेही 'हिसकावली' या क्रियापदासकट. पूर्वी हे दुःख फक्त बायकांचं होतं. पहाटे दुधाला निघा, हेल्मेट घातलेले दोघे मोटरसायकलवरून पत्ता विचारायला येणार, आणि पत्ता सांगेपर्यंत मंगळसूत्र अर्धं त्यांच्या हातात, अर्धं तुमच्या. म्हणून आम्ही पदराखाली पिन लावायला शिकलो. दुसरा प्रकार आणखी बेरकी. साध्या वेशातला सभ्य माणूस थांबवतो, पोलीस असल्याचं सांगतो, "पुढे खून झालाय मावशी, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा," म्हणतो आणि बांधायला स्वतःच मदत करतो. घरी येऊन गाठ सोडली की आत दगड. आता चेन पुरुषांच्या गळ्यात, त्यामुळे ही सगळी विद्या त्यांना नव्यानं शिकावी लागतेय. आमच्या बिल्डिंगमधले एक काका सकाळी फिरायला मफलर गुंडाळून निघतात. मे महिन्यात! विचारलं तर म्हणाले, "घसा धरलाय." घसा कशानं धरलाय ते आम्हाला माहीत आहे. सरकारनंही या हिसकावणीची दखल घेतली बरं का. जुन्या दंडसंहितेत हिसकावण्याला स्वतंत्र नावच नव्हतं, ते चोरीत किंवा जबरी चोरीत बसवायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खास त्याच्यासाठी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फॉर्मिंगची चेन हिसकावणाऱ्यालाही तेच कलम लागतं, आणि आपण फसवले गेल्याची तक्रार तो बिचारा कुठेच करू शकत नाही.

वहिनींना चेन म्हटलं की आधी आठवते ती बॅगेची. त्यांच्या मुलाच्या दप्तराची चेन दर पंधरवड्याला जाते. चेनवाला म्हणतो, "ताई, चेन चांगली आहे, रनर गेलाय," आणि पक्कड दाबून दोन मिनिटांत लावून देतो. त्या मानानं लोकलच्या चेनीचा थाट मोठा. विनाकारण ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम १४१ नुसार वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एकदा खांदेश्वर सुटल्यावर एका बाईंना आठवलं की गॅस बंद केलेला नाही, आणि त्यांचा हात वर गेला. डब्यातल्या सगळ्या जणी एकदम ओरडल्या, "अहो, मानसरोवर आलंच की!" हजार रुपये वाचले.

आणि गंमत बघा, ज्या वर्षी सरकारनंच चेन तोडायला सांगितलं त्याच वर्षी आमच्या भागात सगळ्यात लांब चेन झाली. एप्रिल २०२१ मध्ये करोनाचे निर्बंध लागले, हुकमाचं नावच 'ब्रेक द चेन'. त्याच सुमारास नव्या मुंबईच्या विमानतळाला कोणाचं नाव द्यायचं यावरून वातावरण तापलं. १० जूनला भूमिपुत्र तोंडाला मास्क लावून रस्त्याच्या कडेनं उभे राहिले, दि. बा. पाटलांच्या नावासाठी मानवी साखळी. २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडको भवनावर मोर्चा. साखळीत उभं राहिलेल्यांत तालेवार चेनवाले होते, आणि ज्यांच्या गळ्यात काळा दोरासुद्धा नव्हता तेही होते. त्या दिवशी मात्र कोणाच्या गळ्याकडे बघायला मला सुचलं नाही.

आता खरी खमंग गोष्ट, जिच्यासाठी मी मघापासून एवढी प्रस्तावना करतेय. गळ्यातल्या चेनीला नावं ठेवणारी आमच्याच सोसायटीतली शिकलेली, पगारदार, साध्या राहणीची मंडळी रविवारी संध्याकाळी गच्चीवर काय करतात माहीत आहे? चेन! मला एका ताईंनी बोलावलं. "वहिनी, जरा या ना, एक छोटीशी मीटिंग आहे, चहा आहे." गेले. कामोठ्याच्या दमट हवेत एक गृहस्थ टाय घालून घामाघूम उभे, मागे पांढरा फळा. त्यांनी आधी विचारलं, "तुमचं स्वप्न काय?" मी म्हटलं, "नळाला दोन्ही वेळ पाणी." त्यांना ते आवडलं नाही. मग फळ्यावर एक गोल काढला, त्याखाली सहा गोल, त्या प्रत्येकाखाली आणखी सहा. तुम्ही सहा जणांना आणायचं, ते सहा-सहांना आणतील, आणि तुम्ही घरी बसून डायमंड. विकायचं काय, तर कसलीशी पावडर, जिच्या डब्याची किंमत ऐकून माझा चहा कपातच राहिला. अपलाइन, डाउनलाइन, लेफ्ट लेग, राइट लेग असं काय काय चाललं होतं. शेवटी प्रत्येकाला कागद दिला आणि ओळखीच्या शंभर माणसांची यादी करायला सांगितलं. नातेवाईक आधी.

मी गणितात काही फार मोठी नाही, पण घरी येऊन गुणाकार केला. सहाचे छत्तीस, छत्तिसाचे दोनशे सोळा. सातव्या पायरीला पावणेतीन लाखांच्या वर माणसं लागतात. आठव्या पायरीला जवळपास सतरा लाख. तेराव्या पायरीला एक हजार तीनशे सहा कोटी. पृथ्वीवर माणसं आठशे कोटींच्या आसपास. म्हणजे तेराव्या पायरीच्या बिचाऱ्यांना पावडर विकायला मंगळावर जावं लागणार. साहजिकच शेवटच्या दोन पायऱ्यांवर उभी असलेली माणसंच सगळ्यात जास्त असतात, आणि पैसे त्यांचेच जातात.

१९७५ मध्ये 'जय संतोषी माँ' चित्रपट आला त्या काळी पोस्टकार्डं यायची, एकवीस जणांना पाठवा नाहीतर वाईट होईल. आमची आजी घाबरून लिहायची. तिचे पैसे पोस्टकार्डापुरते जायचे. आता भीतीच्या जागी हाव बसली आणि रक्कम वाढली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतलं टोरेस प्रकरण फुटलं तेव्हा दादरच्या दुकानासमोर लोक रडत उभे होते. मोइसॅनाइट नावाचे कृत्रिम खडे घ्या, दर आठवड्याला परतावा घ्या, आणि नवीन माणूस आणलात की त्याचे वेगळे. त्यात नोकरदार होते, भाजीवाले होते, निवृत्त माणसं होती. सोनं निदान वितळवून विकता येतं. त्या खड्यांचं करायचं काय?

म्हणून माझा निकाल ऐका, आवडो न आवडो. बैलाच्या दाव्याएवढी चेन घालणारा शेठ उधळ्या असेल, दिखाऊ असेल, त्याचा फ्लेक्स रस्ता अडवत असेल, पण तो स्वतःच्या पैशानं स्वतःचीच मान वाकवतो. गच्चीवरचा टायवाला दुसऱ्याच्या मानेवर बसतो, आणि ती मान बहुतेक वेळा मावसबहिणीची असते. फ्लेक्स बघून आपण नाक मुरडतो, गच्चीवर मात्र मान डोलावतो.

कायदा आहे, उगाच घाबरू नका. माणसं आणण्यावर पैसे फिरवणाऱ्या योजनांना १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिडची साखळी सरळ मना केली आहे. तुमच्याही गच्चीवर असा रविवार आला तर चहा जरूर प्या, आणि फळ्यासमोरच्या माणसाला भर सभेत एकच विचारा: डबा विकून किती मिळतात, आणि माणूस आणून किती? माणसाचे जास्त मिळत असतील तर तो शंभर नावांचा कागद कोरा परत द्या.